लेखनक्षम प्रकाशीय तबकड्यांचे आयुष्य : सेलू परिसरातील संशोधनसंग्रहांच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

गेल्या तीस वर्षांत आपल्याकडील संशोधनाचा फार मोठा भाग एका अगदी नाजूक साधनावर साठविला गेला आहे. हे साधन म्हणजे लेखनक्षम प्रकाशीय तबकडी, म्हणजेच बोलीभाषेत ज्यांना आपण सीडी आणि डीव्हीडी म्हणतो त्या चकत्या. १९९५ नंतर घरगुती संगणकांतून सीडी लिहिण्याची सोय झाली आणि थोड्याच काळात ती इतकी स्वस्त झाली, की प्रबंधाची प्रत, क्षेत्रकार्यातील मुलाखती, जुन्या पोथ्यांची छायाचित्रे, सर्वेक्षणाची कोष्टके हे सारे तिच्यावर उतरवून कपाटात ठेवणे हाच संशोधकांचा परिपाठ बनला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक केले. तेव्हा ही प्रतदेखील बहुधा सीडीच्या रूपानेच दिली जाऊ लागली.

मनमाड-काचीगुडा लोहमार्गावरील, परभणी जिल्ह्यातील सेलू हे गाव येथे उदाहरणादाखल घेतले आहे. कापसाची बाजारपेठ, जुनी शिक्षणपरंपरा आणि महाविद्यालय असलेल्या अशा तालुक्याच्या ठिकाणी संशोधक असतो, परंतु वातानुकूलित अभिलेखागार नसते. ओव्या, भारुडे, दिंडीतील पदे, हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या पिढीच्या आठवणी, दुधना खोऱ्यातील शेतीच्या नोंदी असे साहित्य जमविणाऱ्याच्या हाती त्या काळी सीडीवाचून दुसरे सुलभ साधन नव्हते. प्रबंध छापील रूपात ग्रंथालयात राहतो आणि ‘शोधगंगा’सारख्या भांडारातही जातो, तथापि ज्या मूळ मुलाखतींवर तो उभा आहे, त्या बहुधा संशोधकाच्या घरी, एखाद्या लोखंडी कपाटातच राहतात. सांगणारी माणसे आता हयात नाहीत. म्हणून तबकडी वाचली जाते की नाही, हा प्रश्न त्या माणसांचा आवाज उरतो की नाही, इतक्या मोलाचा आहे.

तबकडी किती वर्षे टिकते, असे विचारले म्हणजे निरनिराळे विक्रेते निरनिराळे आकडे सांगतात. कोणी दहा वर्षे म्हणतो, कोणी शंभर. हे आकडे इतके दूरदूरचे का येतात आणि त्यांपैकी कशावर विसंबावे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. तबकडीची रचना

सीडी ही १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची चकती होय. दुकानातून विकत मिळणाऱ्या गाण्यांच्या सीडीत या प्लास्टिकमध्येच साच्याने सूक्ष्म खळगे उमटविलेले असतात आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ थर चढविलेला असतो. खळगे आतून बाहेर जाणाऱ्या एका सर्पिल रेषेवर असतात. या रेषेच्या दोन वळशांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर एवढे असते. म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसएक वळसे सहज मावतात. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण या रेषेवरून फिरतो आणि परावर्तित प्रकाशाच्या कमीअधिकपणावरून मजकूर वाचला जातो.

लेखनक्षम सीडीत खळगे नसतात. तेथे प्लास्टिक आणि धातू यांच्या मध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा एक थर असतो. लिहिताना लेसर अधिक शक्तीने चालतो, रंगद्रव्य तापते आणि त्या जागी त्याचे प्रकाशगुण कायमचे बदलतात. वाचताना हीच बदललेली जागा खळग्यासारखी दिसते. ही योजना १९८८ च्या सुमारास जपान व युरोपातील कंपन्यांनी मिळून सिद्ध केली. पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीत रंगद्रव्याऐवजी एक मिश्रधातू असतो. लेसरच्या उष्णतेने तो स्फटिकी अवस्थेतून अस्फटिकी अवस्थेत जातो आणि परतही येतो.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावयास हवी. सीडीची चकचकीत बाजू आपण जपतो. पण खरा धोका नाव लिहिण्याच्या बाजूकडून असतो. चकचकीत बाजूला एक मिलिमीटरहून अधिक जाडीचे प्लास्टिक आहे. नावाच्या बाजूला मात्र धातूच्या वर केवळ लाखेसारख्या लेपाचे एक पातळ आवरण असते. त्या बाजूने टोकदार बॉलपेनने लिहिले, की आवरण, धातू आणि मजकूर एकदमच दुखावतात. डीव्हीडीची रचना निराळी आहे. ती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटवून केलेली असते आणि मजकुराचा थर मधोमध राहतो. त्यामुळे वरच्या ओरखड्याचे भय कमी होते. परंतु चिकटविलेला सांधा कडेने सुटू लागला, तर हवा व ओलावा आत शिरतात. शिवाय डीव्हीडीवर वळशांतील अंतर ०.७४ मायक्रोमीटर इतके कमी असल्याने त्याच आकाराचा डाग तेथे अधिक मजकूर झाकतो.

३. काजळाची शाई आणि सेंद्रिय रंग

आपल्याकडील जुन्या पोथ्या तीनशे-चारशे वर्षांनंतरही वाचता येतात, यामागे कागदाइतकेच शाईचेही श्रेय आहे. ती शाई काजळापासून, म्हणजे शुद्ध कार्बनापासून केलेली असे. कार्बनाचे कण प्रकाशाने विटत नाहीत व हवेने सहजी बदलत नाहीत. कागद जीर्ण होतो, कसर लागते, पाण्याने पाने चिकटतात. परंतु अक्षर काळेच राहते.

लेखनक्षम तबकडीवरील ‘शाई’ याच्या उलट गुणांची आहे. ती उष्णतेने व प्रकाशाने बदलावी म्हणूनच निवडलेली असते. तसे नसते, तर तिच्यावर लिहिताच आले नसते. लेसरच्या तीव्र उष्णतेने क्षणार्धात जे घडते, तेच खिडकीतून येणाऱ्या उन्हाने व कपाटातील उकाड्याने अतिशय मंद गतीने, तबकडीभर घडत राहते. लिहिलेली व न लिहिलेली जागा यांतील भेद जसजसा पुसट होतो, तसतसे वाचन अनिश्चित होत जाते. लेखनक्षमता आणि नश्वरता या एकाच गुणाच्या दोन बाजू आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

सीडीच्या रंगद्रव्यांचे तीन प्रमुख वर्ग आहेत : सायनिन, फ्थॅलोसायनिन आणि ॲझो. यांपैकी सायनिन हे प्रकाशाला सर्वांत लवकर बळी पडणारे, तर फ्थॅलोसायनिन हे अधिक स्थिर मानले जाते. परावर्तक धातूचाही विचार करावा लागतो. आरंभीच्या तबकड्यांत सोने वापरीत. ते गंजत नाही. पुढे किंमत उतरविण्यासाठी चांदी व तिचे मिश्रधातू आले. चांदी अधिक परावर्तक आहे, परंतु गंधकयुक्त हवेने ती काळवंडते, हे घरातील देवाच्या उपकरणांवरून आपणांस ठाऊकच आहे. १९८८ ते १९९३ या काळात इंग्लंडातील ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यात तयार झालेल्या छापील सीडी पुढे तांबूस होऊन निकामी झाल्या. आवरणाचा लेप निकृष्ट होता आणि वेष्टनाच्या कागदातील गंधकाने आतील चांदी खाल्ली, असे निष्पन्न झाले.

अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत फ्थॅलोसायनिन रंगद्रव्य आणि सोने-चांदीचा मिश्रधातू यांची जोडी इतरांपेक्षा टिकाऊ ठरली. कॅनडाच्या संवर्धनसंस्थेने फ्थॅलोसायनिन व सोने असलेल्या सीडीस शंभर वर्षांहून अधिक आयुष्य संभवते असा अंदाज दिला आहे. परंतु आपल्या बाजारपेठेत स्वस्तात मिळणाऱ्या तबकड्या या जातीच्या क्वचितच होत्या. एकाच नावाखाली निरनिराळ्या कारखान्यांचा माल विकला जाई, त्यामुळे डबीवरील नाव पाहून आतील रंगद्रव्य ओळखता येत नसे. तबकडीच्या रंगावरून थोडा तर्क करता येतो : गडद निळी ती बहुधा ॲझोची, हिरवट ती सायनिनची, फिकट हिरवी वा सोनेरी ती फ्थॅलोसायनिनची. परंतु हा केवळ तर्क होय, पुरावा नव्हे.

४. दोष झाकले जातात, मग एकाएकी उघडे पडतात

तबकडीवर दोष मुळातच असतात. अगदी नव्या, नुकत्याच लिहिलेल्या सीडीवरही काही अक्षरे चुकीची वाचली जातात. तरीही मजकूर शुद्ध मिळतो, याचे कारण त्यासोबत लिहिलेली पूरक माहिती. आपल्या वेदपाठी परंपरेत संहितेबरोबर पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ आणि घनपाठ म्हणण्याची रीत आहे. तेच शब्द ठराविक क्रमाने पुढेमागे फिरवून म्हटल्याने एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी पकडली जाते. सीडीवरील दोषनिवारणाची गणिती पद्धत वेगळी असली, तरी तत्त्व हेच आहे : जादा माहिती द्यावयाची, आणि ती एकाच जागी न ठेवता दूरदूर विखरून ठेवावयाची. त्यामुळे रेषेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग भाग नष्ट झाला तरी तो पूर्णपणे भरून काढता येतो.

या सोयीचा एक दुष्परिणाम मात्र होतो. कागदावरील शाई पुसट होऊ लागली, की डोळ्यांना दिसते आणि आपण वेळीच नक्कल करून घेतो. तबकडीवरील ऱ्हास दोषनिवारणाच्या आड लपून राहतो. दोष दुप्पट झाले, चौपट झाले, तरी फाईल पूर्वीसारखीच उघडते. दोषनिवारणाची मर्यादा ओलांडली, की तीच फाईल एके दिवशी उघडेनाशी होते. ‘काल चालत होती, आज चालत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचा अर्थ एवढाच, की ऱ्हास पूर्वीपासून चालू होता. तो फक्त आज दृष्टीस पडला.

म्हणून ‘फाईल उघडते काय’ ही तबकडीची खरी परीक्षा नव्हे. प्राथमिक दोषांची संख्या मोजणे ही खरी परीक्षा. सीडीवर दर सेकंदास ७,३५० खंड वाचले जातात आणि त्यांपैकी दोषयुक्त खंडांची सरासरी २२० च्या वर जाऊ नये, म्हणजे सुमारे ३ टक्क्यांच्या आत राहावी, असा मानदंड आहे. काही ड्राइव्ह योग्य संगणकप्रणालीच्या साहाय्याने ही मोजणी करू शकतात. चांगल्या नव्या तबकडीवर ही संख्या मर्यादेच्या पुष्कळच खाली असते. ती चढू लागली, की नक्कल करण्याची वेळ आली असे समजावे.

५. शंभर वर्षांचा आकडा येतो कोठून

ज्या वस्तूचा जन्मच १९८८ चा, तिने शंभर वर्षे टिकून दाखविलेले नाही, हे उघड आहे. तेव्हा हा आकडा निरीक्षणाचा नसून अनुमानाचा आहे. तबकड्या ८० अंश सेल्सिअससारख्या तापमानात व ८५ टक्क्यांसारख्या आर्द्रतेत ठेवून त्या किती तासांत निकामी होतात ते पाहतात. मग स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या, तापमान व रासायनिक क्रियेची गती यांच्या संबंधावरून सामान्य तापमानातील आयुष्य काढतात. पद्धत शास्त्रीय आहे. परंतु तिच्या पोटात एक गृहीत दडलेले असते. ते कोणते, हे पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, एक तबकडी ८० अंशांवर १,००० तासांत निकामी झाली. तापमान दर १० अंशांनी उतरले असता ऱ्हासाची गती निम्मी होते असे धरले, तर २५ अंशांवर, म्हणजे ५५ अंश खाली, ती सुमारे ४५ पटीने मंदावेल आणि आयुष्य भरेल सुमारे ५ वर्षे. आता गती निम्मी न होता एकतृतीयांश होते असे धरा. मग ती सुमारे ४२० पटीने मंदावेल आणि आयुष्य येईल ४८ वर्षे. तबकडी तीच, प्रयोग तोच. केवळ एका गृहीतामुळे उत्तर जवळजवळ दहापट बदलले. म्हणूनच काटेकोर चाचण्या एकाऐवजी अनेक तापमानांवर आणि अनेक नमुन्यांवर करतात, जेणेकरून हे प्रमाण मानावे न लागता मोजता यावे. ज्या जाहिरातीत नुसता वर्षांचा आकडा असतो आणि तापमान, आर्द्रता, नमुन्यांची संख्या यांचा उल्लेख नसतो, तिला संशोधकाने पुरावा मानू नये. अजैव पदार्थाच्या थरावर लिहिणाऱ्या, हजार वर्षे टिकतील असे उत्पादक सांगतात त्या तबकड्यांनाही हाच निकष लागू आहे. रंगद्रव्य नसल्याने त्या अधिक टिकाऊ असण्यास सबळ कारण आहे. परंतु प्लास्टिक आणि सांधा त्यांनाही आहेच.

६. सेलूचे हवामान

वरील उदाहरण २५ अंशांसाठी होते. मराठवाड्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर असते, आणि पत्र्याखालील वा वरच्या मजल्यावरील खोली रात्रीही लवकर निवत नाही. तेच गणित २५ ऐवजी ३५ अंश धरून केले, तर ५ वर्षांची सुमारे अडीच वर्षे होतात आणि ४८ वर्षांची १६. वर्षभर एवढा उकाडा नसतो, हे खरे. परंतु उन्हाळ्याचा प्रत्येक महिना इतर महिन्यांहून अधिक आयुष्य खाऊन जातो, हा या हिशेबाचा मथितार्थ आहे. उन्हाळ्यामागून येणाऱ्या पावसाळ्यात हवा दमट होते. ओलावा प्लास्टिकमध्ये मुरतो आणि कोरड्या दिवसांत बाहेर पडतो. ही वार्षिक ये-जा थरांच्या सांध्यांवर ताण आणते.

दीर्घकालीन जतनासाठी २० अंशांहून कमी तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता असावी, अशी शिफारस अमेरिकेच्या उपरोक्त संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत आहे. सेलूसारख्या ठिकाणी हे वर्षभर साधावयाचे, तर अखंड वीज व वातानुकूलन हवे. ते शक्य नसेल, तर परदेशी कोष्टकांतील आयुर्मान आपल्या कपाटाला लागू करू नये, एवढे तरी तारतम्य ठेवले पाहिजे.

७. यंत्र आणि लिपी

तबकडी शाबूत राहिली, तरी दोन अडथळे उरतात. पहिला यंत्राचा. नव्या बहुतेक लॅपटॉपांतून सीडी ड्राइव्ह नाहीसा झाला आहे. तबकड्यांचे उत्पादनही आटत चालले आहे : एके काळी जगातील मोठ्या उत्पादकांत गणल्या गेलेल्या मोझर बेअर या भारतीय कंपनीचे २०१८ मध्ये परिसमापन झाले, आणि सोनीने २०२५ मध्ये लेखनक्षम ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले. यंत्र लोपल्याने माध्यम मुके होते, याचे जवळचे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने १९९० नंतरच्या दशकात त्यांची ध्वनिमुद्रणे डिजिटल टेपवर झाली. त्या टेपची यंत्रे करणे सोनीने २००५ मध्ये थांबविले. हा संग्रह आज ‘पारी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर ऐकता येतो, तो टेप टिकली एवढ्याने नव्हे, तर मुद्रणे वेळीच दुसऱ्या माध्यमात नेली गेली म्हणून.

दुसरा अडथळा लिपीचा, आणि तो आपल्या भाषेपुरता अधिक बिकट आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, शिवाजी अशा निरनिराळ्या फाँटांत टंकलेला असे. त्यांत देवनागरी अक्षरांना रोमन चिन्हांच्या जागा दिलेल्या असत आणि प्रत्येकाची वाटणी वेगळी. तबकडी एकही दोष न येता वाचली, परंतु तो फाँट उपलब्ध नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरांची अर्थहीन रांग उमटते. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. मात्र मूळ फाँट कोणता होता, हे ठाऊक असावे लागते. म्हणून फाँटचे नाव तबकडीच्या यादीत नोंदविणे, हे तबकडी जपण्याइतकेच आवश्यक आहे.

८. काय करावे

जुन्या तबकड्या चांगल्या जपाव्यात, हे या विवेचनाचे तात्पर्य नव्हे. त्यांवरील मजकूर त्यांच्यावरून उतरवून घ्यावा, हे तात्पर्य होय. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

प्रथम यादी करावी : तबकडीचा प्रकार, वर्ष, विषय, फाँट, आणि हा मजकूर अन्यत्र आहे काय. ज्याची दुसरी प्रत कोठेही नाही, ते आधी घ्यावे. लेखनक्षम डीव्हीडी व पुनर्लेखनक्षम तबकड्या साध्या सीडीच्या आधी घ्याव्यात.

दुसरे, धूळ पुसताना मऊ सुती कापडाने केंद्रापासून कडेकडे सरळ पुसावे. गोल फिरवू नये. गोल ओरखडा रेषेच्या दिशेने जातो आणि सलग मजकूर खातो. आडवा ओरखडा प्रत्येक वळशाचा कणभरच भाग घेतो व दोषनिवारणाने भरून निघतो. नावाच्या बाजूला चिकटविलेले लेबल सोलू नये. लेपासह धातू निघून येतो.

तिसरे, सुट्या फाइलींबरोबर संपूर्ण तबकडीची एकसंध प्रतिमा घ्यावी. एका ड्राइव्हने न वाचलेली तबकडी दुसऱ्या ड्राइव्हवर, कमी वेगाने, अनेकदा वाचली जाते. म्हणून एका अपयशाने तबकडी टाकून देऊ नये.

चौथे, उतरविलेल्या प्रत्येक फाईलची गणिती ओळखखूण काढून यादीत लिहावी. पुढे कोणत्याही प्रतीवर तीच खूण आली, तर एकही अक्षर बदललेले नाही याची खात्री पटते. प्रती किमान तीन असाव्यात, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक गावाबाहेर.

हे काम वाटते तितके मोठे नाही. ७०० मेगाबाइटच्या २०० सीडी भरलेल्या धरल्या, तरी एकूण मजकूर १४० गिगाबाइट होतो. तो तळहाताएवढ्या एका हार्ड डिस्कवर मावून जागा उरते. प्रत्येकीस दहा मिनिटे धरली, तर सुमारे तेहेतीस तास लागतात. एका विभागातील दोन विद्यार्थ्यांनी मिळून रोज दोन तास दिले, तर सतरा दिवसांत एका पिढीचे क्षेत्रकार्य सुरक्षित होते. मात्र हार्ड डिस्कही चिरंजीव नाही. दर तीन वर्षांनी ओळखखुणा पडताळून पाहणे आणि पाच-सात वर्षांनी नव्या साधनावर नक्कल करणे, हे विभागाच्या नित्यकर्मांत समाविष्ट व्हावयास हवे.

पोथ्यांच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी हेच केले. मूळ प्रत जीर्ण होण्यापूर्वी नक्कल करावयाची, नक्कल मुळाशी ताडून पाहावयाची आणि शेवटी नक्कल करणाराचे नाव व तिथी लिहावयाची, हा त्यांचा शिरस्ता होता. शाई टिकाऊ असूनही त्यांनी तो पाळला. आपली शाई तर उन्हाने विटणारी आहे. तेव्हा येत्या उन्हाळ्यापूर्वी निदान यादी तरी पूर्ण व्हावी.